गाज वेगळी, बोलणं वेगळं

कोकणातल्या घरात बसून पॉडकास्ट करायचा, तर माईक कुठला घ्यायचा हा पहिला प्रश्न नव्हे. आधी ऐकू काय काय येतंय ते पाहावं लागतं. माजघरात माईक लावून, कोणीही न बोलता, एक मिनिट रेकॉर्ड करावं आणि हेडफोनवर ऐकावं. फ्रिजची घरघर, पंख्याची कुरकुर, विहिरीवरचा पंप, परसातला भारद्वाज, माडाच्या झावळ्या, लांबून एसटीचा हॉर्न, आणि घर किनाऱ्यालगत असेल तर या सगळ्याखाली समुद्राची गाज. आपले कान सवयीनं हे बाजूला सारतात. माईक काहीच सारत नाही.

आम्ही हौसेखातर पॉडकास्ट करतो. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं), भाताची कापणी, गणपतीतली भजनं, जात्यावरच्या ओव्या, गावातल्या जाणत्या माणसांच्या गजाली असे आमचे विषय. जाहिरात नाही, त्यामुळे दर सोमवारी भाग काढण्याचं बंधनही नाही. दिवाळी ते शिमगा या काळात सहा ते आठ भागांचं रेकॉर्डिंग करायचं आणि उरलेलं काम पावसाळ्यात घरात बसून उरकायचं, असा क्रम बसला आहे. पैशाची घाई नसली की वारा आणि भरती-ओहोटी बघून वेळ ठरवता येते, हा सगळ्यात मोठा लाभ. बाकी सगळं एकाच गोष्टीवर उभं आहे: माणसाचा आवाज जवळून आणि एकटा घ्यायचा, जागेचा आवाज वेगळा घ्यायचा, आणि दोघांची गाठ नंतर आपल्या हातानं घालायची.

‘नंतर सॉफ्टवेअरमध्ये आवाज साफ करू’ हा विचार इथे फसतो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन आधी नुसत्या गोंगाटाचा नमुना घेतं आणि मग सगळ्या रेकॉर्डिंगमधून तेवढे पट्टे दाबतं. पंखा किंवा फ्रिज एकसारखा वाजतो, त्यामुळे तिथे ते बरं चालतं. लाट मात्र फुगते आणि ओसरते, पाऊस सरीसरीनं येतो. घेतलेला नमुना पुढच्या मिनिटाला लागू पडत नाही, आणि जोर वाढवला की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा, बुडबुड्यांत ऐकू येतो. शिवाय पानांवरच्या पावसाची सळसळ ज्या वरच्या पट्टीत असते, साधारण ४ ते ८ किलोहर्ट्झ, तिथेच स, श, फ आणि च यांचं घर्षण असतं. पाऊस पुसला की ‘चाक’मधला च आणि ‘चहा’मधला च यांतला फरकही पुसला जातो. बोलीचं रेकॉर्डिंग करणाऱ्याला हे नुकसान परवडणारं नाही. आम्ही नॉइज रिडक्शन ६ डेसिबलच्या पुढे नेत नाही, आणि पाऊस किंवा गाज असलेल्या रेकॉर्डिंगवर ते वापरतच नाही.

यावर एकच उपाय आहे, अंतर. माईक तोंडापासून दुप्पट लांब नेला की थेट येणारा आवाज ६ डेसिबलनं उतरतो, पण पाऊस चहूबाजूंनी येत असल्यामुळे तो तेवढाच राहतो. म्हणजे १५ सेंटिमीटरवरचा माईक ६० सेंटिमीटरवर ठेवला, तर बोलणं पावसाच्या तुलनेत १२ डेसिबलनं हरतं. टेबलाच्या मधोमध फोन ठेवून चौघांचं बोलणं रेकॉर्ड करण्याची पद्धत इथेच मोडते. हातात किंवा स्टँडवर धरायचा माईक तोंडापासून चार बोटं ते एक वीत, तोंडाच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूला. समोर धरला तर प, फ, भ म्हणताना हवेचा फटका बसतो. दोन माणसं, दोन माईक असतील तर दोन माईकमधलं अंतर तोंड-माईक अंतराच्या निदान तिप्पट ठेवायचं. नाहीतर एकाच माणसाचा आवाज दोन्हीकडे थोड्या फरकानं पोहोचतो आणि पोकळ, डब्यातून आल्यासारखा लागतो.

माईक निवडताना कोकणात हवेचा दमटपणा सगळ्यात आधी बघावा. कंडेन्सर माईकमध्ये अतिशय पातळ पडदा आणि त्याच्या मागची पट्टी यांच्यात विद्युतभार असतो. दमट हवेत तो भार गळतो आणि रेकॉर्डिंगमध्ये चटचट, फसफस येऊ लागते. माईक बिघडला असं वाटतं, पण बहुतेक वेळा काही तास कोरड्या डब्यात ठेवला की तो पूर्ववत होतो. डायनॅमिक माईकमध्ये असा भार नसतो. तो सर्दावलेल्या हवेत नीट चालतो. त्याचा आवाज मुळात क्षीण असतो, म्हणून जवळ बोलावं लागतं आणि गेन (रेकॉर्डरवरचा आवाज वाढवायचा जोर) जास्त द्यावा लागतो, पण इथे जवळ बोलायचंच आहे. शूरचा एसएम५८ हा गावोगावच्या भजनी मंडळांच्या ओळखीचा माईक याच जातीचा. सॅमसनचा क्यू२यू यूएसबी आणि एक्सएलआर दोन्ही जोडण्या देतो, त्यामुळे लॅपटॉपलाही लागतो आणि रेकॉर्डरलाही. घरातल्या बोलण्याला आम्ही डायनॅमिक वापरतो, फिरत्या कामाला कपड्यावर अडकवायचा छोटा वायरचा माईक. हा छोटा माईक कंडेन्सरच असतो, त्यामुळे काम झालं की तो थेट डब्यात.

डबा म्हणजे घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा साधा डबा. पाच लिटरच्या डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवा. सिलिका नारिंगी रंगाची घ्यावी. ती ओली झाली की हिरवी पडते आणि ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तास-दोन तास तापवली की पुन्हा नारिंगी होते. निळ्या रंगाच्या सिलिकेत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. तांदळात माईक पुरून ठेवणं टाळावं, त्याची पूड जाळीत जाते आणि पोरकिडे येतात ते वेगळंच. खाऱ्या हवेनं जॅकच्या पिनांवर पांढुरकी साय धरते, मग आवाज तुटक येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला की ती निघते. वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवायचे.

छोटा माईक फोनला लावताना एक फसगत ठरलेली. फोनच्या पिनेवर तीन काळे कडे असतात, कॅमेऱ्याच्या किंवा रेकॉर्डरच्या पिनेवर दोन. दोन कड्यांची पिन फोनला लावली तर फोन काही तक्रार न करता स्वतःच्याच माईकवर रेकॉर्ड करत राहतो, आणि घरी येऊन ऐकल्यावर कळतं. म्हणून सुरुवातीला माईकच्या जाळीवर नखानं हळूच खरवडायचं. फोनच्या स्क्रीनवरची आवाजाची पट्टी जोरात उडाली तर माईक चालू आहे. नाही उडाली तर आधी पिन बघायची.

आता जागा. नवीन बांधलेलं, प्लास्टर आणि टाइल्स असलेलं घर दिसायला चांगलं, पण रेकॉर्डिंगला अवघड. समोरासमोरच्या गुळगुळीत भिंतींत आवाज चेंडूसारखा आपटत राहतो. जुन्या घरातली उघड्या चिऱ्याची भिंत खडबडीत, भोकाभोकांची असते, आवाज थोडा विखुरतो. वर कौलं असतील तर प्रतिध्वनी कमी, पण बाहेरचं सगळं फटींतून आत येतं. ओटी आणि पडवी माणसांना बसायला सोयीच्या आणि माईकला गैरसोयीच्या. घराच्या पोटातली, गाद्या-गोधड्या रचलेली खोली सगळ्यात बरी. तिथे खोलीच्या ऐन मध्यावर बसू नये आणि कोपऱ्यातही नको. मग एक गोष्ट लोक हमखास उलटी करतात: गोधडी माईकच्या मागे टांगतात. माईकचं तोंड बोलणाऱ्याकडे असतं, म्हणजे त्याला दिसते ती बोलणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. गोधडी तिथे टांगायची. आणि माईकला पाठीमागून सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून खिडकी किंवा समुद्राची बाजू माईकच्या पाठीशी ठेवायची. एवढ्या एका बदलानं गाज चांगलीच खाली बसते.

विजेची गुणगुण हा आणखी एक त्रास. ती ५० हर्ट्झची असते आणि तिच्या पटी, १००, १५०, वर चढत जातात. लॅपटॉप चार्जरवर असताना ती येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐकून बघावं. थांबली, तर दोष अर्थिंगचा. कातळावरच्या घरांत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की असं होतं. रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवर काम करावं. इन्व्हर्टरवर लाइट आणि पंखे चालू असतील तर आवाज आणखी कर्कश होतो. फ्रिज बंद करताना मोटारसायकलची चावी फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे फ्रिज पुन्हा चालू केल्याशिवाय आपण घराबाहेर पडत नाही. आजोबांच्या खिशातला बटणांचा फोन शेजारच्या खोलीत ठेवायला सांगायचा. टूजीचा फोन टॉवर शोधताना रेकॉर्डिंगमध्ये ‘टर्र टर्र’ असा आवाज टाकतो आणि तो काढता येत नाही.

पातळी ठेवायची ती अशी (पट्टी शून्याला टेकली की आवाज फाटतो, म्हणून आकडे उणे): नेहमीच्या बोलण्यात पट्टी उणे २० डेसिबलच्या आसपास, हसताना-ओरडताना फार तर उणे १२ पर्यंत. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. एका तासाला एका माईकची फाइल सुमारे ५२० एमबी होते, दोन माईकची एक जीबीच्या थोडी वर. चाचणी घेताना ‘हॅलो, एक दोन तीन’ म्हणायला लावलं तर माणूस ताठर होतो. “आबा, आज सकाळी काय खाल्लंत?” असं विचारलं की खऱ्या पट्टीत उत्तर येतं. बायकांच्या पदराला माईक लावला तर तो सरकतो आणि घासतो. पदर पिनेनं पक्का करून काठाजवळ, हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा, आणि मंगळसूत्र एका बाजूला सारून घ्यायला काकींना आधीच विनंती करावी. काळ्या मण्यांची टकटक प्रत्येक वाक्यात येते.

“माका काय म्हायत नाय,” अशी सुरुवात करणारी माणसंच पुढे तासभर बोलतात. प्रश्न कामाचे विचारायचे. ‘पूर्वी कसं होतं’ याला उत्तर येतं ते ‘पूर्वी चांगलं होतं’. पण रापण ओढायला दोन्ही दोरांवर किती माणसं लागत, वाटणी कशी होई, पाण्याची खोली वावात कशी मोजत, असं विचारलं की हात हलायला लागतात आणि शब्द येतात. आपण ‘हं, हं’ म्हणायचं नाही, मान डोलवायची. उत्तर संपल्यावर मनात तीन आकडे मोजायचे. पुष्कळदा खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते. सुरुवातीलाच माईकवर नाव, गाव आणि परवानगी बोलून घ्यायची. जमिनीचे वाद, भाऊबंदकी, घरातली आजारपणं ओघात येतातच. ती आम्ही न विचारता कापतो, आणि भाग बाहेर जाण्याआधी बोलणाऱ्याला पूर्ण ऐकवतो. ‘हे काढ’ म्हटलं की काढायचं.

किनाऱ्यावरचं काम पूर्णपणे वेळेवर अवलंबून असतं. पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, ते मंद असतात. ऊन चढलं की खारे वारे सुरू होतात आणि दुपारी माईकवर नुसता धडधडाट येतो. वाऱ्याचा हा आवाज माईकच्या पडद्यावरच हवा आदळल्यामुळे तयार होतो. स्पंजची टोपी घरात पुरते, पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, नाही. तिथे लांब केसांची लोकरी टोपी लागते, तिच्या केसांत वारा आधीच मोडतो. सुरूच्या बनात आडोसा मिळतो असं वाटतं, पण सुरू स्वतःच सूं-सूं करतो आणि तो आवाज गाजेपेक्षा चिवट असतो. उलट्या घातलेल्या होडीच्या आडोशाला बसणं उत्तम.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब इथे उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला ती बाराच्या जरा आधी येते, म्हणजे पूर्ण ओहोटी पहाटे साडेपाच-सहाला. उधाणाच्या त्या दिवसांत पाणी सगळ्यात लांब जातं. सपाट पुळणीवर फुटणाऱ्या लाटा शे-दोनशे पावलं मागे हटतात. किनाऱ्यावर बसून कोणाशी बोलायचं असेल तर आम्ही पौर्णिमा किंवा अमावास्येची पहाट धरतो: ओहोटी आणि मतलई वारा एकत्र मिळतात. नुसती गाज हवी असेल तर अष्टमीची पहाट, तेव्हा वारा तसाच मंद आणि पाणी जवळ. माईक गुडघ्याएवढ्या उंचीवर, लाटेच्या ओळीला तिरका धरून सलग पाच मिनिटं. तिथून थोडं मागे, माडांखाली पुन्हा पाच मिनिटं, कारण घरातून ऐकू येणारी गाज ती असते. हातात वायर हलली की ढबढब येतं, म्हणून स्टँड वाळूत रोवायचा आणि आपण दूर उभं राहायचं.

हर्णैच्या किंवा मिरकरवाड्याच्या मासळी लिलावात मुलाखत घ्यायला जाऊ नये. तिथे दोन-तीन मिनिटांचे चार तुकडे घ्यावेत: बोली, टोपल्या, बर्फ फोडणं, इंजिन. बोलणं नंतर त्याच माणसाच्या घरी. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. तेव्हा खलाशी आणि तांडेल (होडीचे प्रमुख) निवांत भेटतात, पण पाऊस असतो. पत्र्याखाली रेकॉर्डिंग अशक्य, कौलांखाली दोन सरींच्या मधल्या उघडिपीत जमतं. पाऊस मात्र त्याच दिवशी वेगळा घेऊन ठेवायचा: कौलांवरचा, पागोळ्यांचा, अळवाच्या पानांवरचा. पागोळीचा माईक जमिनीपासून फूटभर वर, छत्रीखाली धरू नका. छत्रीचं कापड ताशासारखं वाजतं.

भजन आणि दशावतार यांचं गणित निराळं. पखवाजाची थाप आणि झांज क्षणात उसळतात, त्यामुळे पातळी बोलण्यापेक्षा खालीच ठेवून सुरुवात करायची. रेकॉर्डर मंडळापासून तीन-चार मीटरवर, बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर. मांडवात स्पीकर असेल तर स्पीकरसमोर न जाता वादकांच्या बाजूला जावं. अभंग जुने असले तरी सादरीकरणावर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा हक्क असतो, तेव्हा बुवांची परवानगी हवीच. सिनेमाच्या चालीवरचं भजन आम्ही प्रसिद्ध करत नाही.

एडिटिंगची सुरुवात मूळ फाइलची प्रत करून. खोलीचा न बोलता घेतलेला एक मिनिटाचा आवाज इथे कामी येतो: कापलेल्या जागी पूर्ण शांतता भरली तर कानाला खड्डा लागतो, त्या खोलीचाच आवाज भरला की सांधा कळत नाही. मग ८० हर्ट्झच्या खालचं कापायचं, थोडा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून चढ-उतार कमी करणारा) तीनास एक या प्रमाणात, आणि शेवटी एकूण जोर मोनोला उणे १९ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप), स्टिरिओला उणे १६. श्वास सगळे काढू नयेत, माणूस यंत्रासारखा वाटतो. आता गाजेची गाठ: ती बोलण्याखाली सतत ठेवायची नाही. सुरुवातीला पंधरा सेकंद स्पष्ट, पहिल्या वाक्याच्या आधी सावकाश उतरवायची, आणि विषय बदलताना पुन्हा पाच-सहा सेकंद वर. बोलण्याखाली ठेवलीच तर बोलण्यापेक्षा निदान २० डेसिबलनं खाली. शेवटची तपासणी फोनच्या स्पीकरवर, चुलीजवळ उभं राहून. ऐकणारे तसंच ऐकतात.

नुसत्या बोलण्याची एमपी३ मोनो ६४ केबीपीएसवर पुरते. अर्ध्या तासाचा भाग सुमारे साडेचौदा एमबी, घाटाखालच्या अशक्त नेटवर्कवरही उतरतो. पाऊस किंवा गाज असलेल्या भागाला मात्र ९६ द्यावे लागतात, मग फाइल साडेएकवीस एमबीच्या आसपास जाते. लाटेत सगळे स्वर एकदम असतात, आणि जास्त दाबलेल्या एमपी३मध्ये तिचं पाणचट, घुसळलेलं काहीतरी होतं.

प्रसिद्ध करणं हा सगळ्यात सोपा भाग. इंटरनेट अर्काइव्हवर फाइल फुकट ठेवता येते, स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्सही पैसे घेत नाही. मुखचित्र चौरस, १४०० ते ३००० पिक्सेल. भाषा मराठी निवडायला विसरू नका, आणि फीडमध्ये (ज्या यादीवरून अॅप आपले भाग उचलतात तिच्यात) ई-मेल सगळ्यांना दिसतो म्हणून त्यासाठी वेगळा पत्ता काढा. गुगलचं पॉडकास्ट अॅप २०२४ मध्ये बंद झालं, पण ज्यांच्याकडे आपली आरएसएस फीड आणि मूळ फाइल्स होत्या त्यांचे भाग दुसरीकडे चालूच राहिले. गावातले बहुतेक जण व्हॉट्सअॅपवरच ऐकतात. त्यांना फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे आहे तशी पोहोचते.

मूळ रेकॉर्डिंग फ्लॅकमध्ये (आवाज जराही न बिघडवता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात) बदलून दोन ठिकाणी ठेवायचं. एक हार्ड डिस्क कोरड्या डब्यात आणि दुसरी किनाऱ्यापासून लांब, घाटावरच्या नातेवाइकांकडे. तिसरी प्रत पेन ड्राइव्हवर, ज्यांचा आवाज आहे त्यांच्या घरी. प्रत्येक फाइलच्या नावात माणूस, गाव, तारीख, माईक, आणि किनाऱ्यावरची असेल तर तिथी आणि भरती की ओहोटी. पुढच्या वर्षी त्याच पुळणीवर तीच गाज पुन्हा हवी असली, तर शोधायला तेवढं पुरतं.